अकोकोच्या दोन भिंती

कुमासी शहरातल्या क्वाडासो वस्तीत बिरागोची खानावळ होती, तिचं वाटोळं मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी रडगाणं गातोय असं कुणाला वाटायला नको.

मी बाडू. पाट्या आणि भिंती रंगवतो. न्हाव्यांच्या, शिंपिणींच्या, टायरवाल्यांच्या, शवपेट्या बनवणाऱ्यांच्यासुद्धा. चोवीस वर्षं हेच करतोय. कुमासीत आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. पाटी कुणाचीही असो, खालचा उजवा कोपरा रंगाऱ्याचा. तिथे वीतभर जागेत आमचं नाव आणि फोन नंबर. गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करेल, चार वेळा रंग बदलायला लावेल, पण त्या कोपऱ्याला हात लावणार नाही. माझं निम्मं काम असल्या कोपऱ्यांतूनच चालत येतं.

सहा वर्षांपूर्वी बिरागो माझ्याकडे आली तेव्हा तिची खानावळ म्हणजे पत्र्याची शेड होती. केजेटियाच्या बाजाराकडून येणारा रस्ता जिथे वळतो तिथे ओळीनं चार खानावळी, त्यातली शेवटची तिची. चारही ठिकाणी दुपारी उकडलेले कंद कुटून फुफू केल्याचा आवाज, चारही ठिकाणी पाम नटचं सूप आणि शेंगदाण्याचं सूप. पहिल्या तीन पाट्यांवर वाफाळता वाडगा, हसरी गुबगुबीत बाई आणि देवाच्या कृपेचं काहीतरी नाव. त्यातल्या दोन मीच रंगवल्या होत्या.

"मास्टर, मलाही तसाच वाडगा काढून दे," बिरागो म्हणाली. "फक्त वाफ जरा जास्त दाखव."

"सिस्टर, वाफेनं गिऱ्हाईक आलं असतं तर इस्त्रीवाला करोडपती झाला असता."

"मग काय काढणार तू? तुझं तोंड?"

"तीन दिवस दे. सांगतो."

ते तीन दिवस मी तिच्या समोरच्या फुटपाथवर पालथ्या क्रेटवर बसून काढले. आजूबाजूचे हसत होते. मी बघत होतो, की माणूस भुकेला असतो तेव्हा कुठे बघतो. ट्रोट्रो म्हणजे आमची शेअर मिनीबस, ती वळणावर हळू होते तेव्हा डावीकडच्या खिडकीतल्या लोकांना सगळ्यात आधी काय दिसतं. दुपारी बाराला ऊन नेमकं त्या भिंतींवर पडायचं आणि तांबड्या-पिवळ्या पाट्या बघूनच घाम फुटायचा. लोक डोळे बारीक करून पुढे निघून जायचे.

म्हणून मी बिरागोची भिंत निळी केली. पांढऱ्या कपड्यांना देतात त्या निळीचा रंग, पण दाट. नुसतं बघितलं तरी माठाजवळ बसल्यासारखं वाटावं असा. त्यावर एकच पांढरी कोंबडी, जमिनीपासून छपरापर्यंत. नजर थेट रस्त्याकडे, आणि एक पाय उचललेला, दाराच्या चौकटीत टाकायच्या बेतात. ती आत निघाली आहे, तुम्ही येताय का, एवढंच ती विचारत होती. अक्षर एकही नाही. बिरागोनं नावासाठी खूप कटकट केली. मी म्हटलं, नाव लिहिलंस तर वाचून पुढे जातील, नाही लिहिलंस तर एकमेकांना विचारतील. बाकं निळी केली, हात धुवायच्या घमेल्याला निळा काठ दिला, मातीच्या वाडग्यांना बाहेरून निळी रेघ ओढली. पोरींनी कमरेला गुंडाळायचं कापडही त्याच रंगाचं निवडून दिलं. आणि शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव.

दोन महिन्यांत ट्रोट्रोच्या दारात लटकून थांबे पुकारणारे मेट त्या थांब्याला अकोको म्हणायला लागले. आमच्याकडे कोंबडीला अकोकोच म्हणतात. आधी तिथे थांबासुद्धा नव्हता. "अकोको! अकोको कोण उतरणार?" आणि अर्धी गाडी रिकामी व्हायची. बिरागोनं शेड पाडून पक्कं बांधलं, तेव्हा बाहेरची भिंत मी नव्यानं रंगवून दिली, आणि आतल्या भिंतीवरही तीच कोंबडी काढली. तिनं पैसे रोख दिले, मी तिच्याकडे रोज दुपारी पैसे देऊन जेवलो. सूप चांगलंच होतं तिचं, खोटं कशाला बोलू.

मग राजधानीतून, अक्राहून, तिचा भाचा आला. डेझ्मंड. त्याच्याकडे फ्लेक्स छापायचं मशीन होतं आणि बोलताना हातातली गाडीची किल्ली फिरवायची सवय होती. बिरागो पलीकडच्या बांतामा भागात दुसरी खानावळ काढत होती. डेझ्मंडनं माझ्या कोंबडीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घासून गुळगुळीत केला आणि बारा फुटांचा फ्लेक्स छापला. कोपऱ्यात स्वतःचा नंबर. त्यापूर्वी एका सकाळी त्यानं क्वाडासोच्या भिंतीवरचं माझं नाव निळ्या रंगानं बुजवलं होतं. रंगसुद्धा नीट जुळवता आला नव्हता गाढवाला. लांबूनही ठिगळ दिसत होतं.

मला वाटलं, बिरागोला माहीत नसेल. म्हणून मी बांतामाच्या उद्घाटनाला गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पास्टर, स्पीकर, सगळा थाट. प्रार्थना झाली आणि बिरागो देवाच्या कृपेची साक्ष द्यायला माईकसमोर उभी राहिली.

"लोक विचारतात, सिस्टर, ही कोंबडी कुठून आली," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मी उपाशीपोटी प्रार्थना करत झोपले होते. देवानं मला स्वप्नात दाखवली. निळं आभाळ, आणि त्यात पांढरी कोंबडी, माझ्या दाराकडे चालत येणारी!"

"आमेन!" सगळा मांडव ओरडला. माझ्या शेजारच्या बाईनं तर मलाच टाळी दिली.

माझ्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. तीन दिवस क्रेटवर बसून माझं बूड चेपलं होतं आणि श्रेय स्वप्नाला! कार्यक्रम संपल्यावर मी तिला मांडवामागे गाठलं. ती पोरींना भांडी कुठे ठेवायची ते सांगत होती.

"सिस्टर, स्वप्नात देवानं माझा फोन नंबरही दाखवला होता का? की तेवढा विसरला?"

"बाडू, आजच्या दिवशी नको."

"माझं नाव कुणी बुजवलं?"

"मी सांगितलं बुजवायला. डेझ्मंड म्हणाला, खानावळीवर दुसऱ्या धंद्याची जाहिरात बरी दिसत नाही." मग तिनं कमरेवर हात ठेवले. "आणि तू एवढा का फुगतोस रे? रंग फासलास, पैसे घेतलेस. लोक काय माझी भिंत चाटायला येतात? सूप प्यायला येतात. उद्या भिंत शेणानं सारवली तरी येतील."

भांडी धरून उभ्या असलेल्या पोरी फिस्सकन हसल्या. डेझ्मंडही हसला. मी सरळ थांब्याकडे चालू लागलो. मला राग आला की मी बोलतो, पण त्या दिवशी राग आला नव्हता, त्याच्या पलीकडचं काहीतरी आलं होतं. ट्रोट्रोत बसून घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होतो. ठीक आहे बाई. भिंतीनं काय होतं ते तुला दाखवतो.

अकोकोच्या थांब्याच्या अलीकडे, केजेटियाच्या बाजूला, दोनशे पावलांवर सार्वजनिक संडास आहे. पापा टावियांचा. पैसे द्यायचे, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घ्यायचा आणि आत जायचं. सोळा दरवाजे, आठ बायकांचे, आठ पुरुषांचे. आरोग्य खात्याच्या माणसानं त्यांना दम दिला होता की रंगरंगोटी करा आणि बायका-पुरुषांची बाजू नीट दाखवा, नाहीतर टाळं लावतो. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, रंगाचे तेवढे द्या, मजुरी नको.

पापा टाविया सत्तरीचे, व्यवहाराला पक्के. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फुकट? बाडू, तुझ्या मनात काहीतरी काळंबेरं आहे."

"आहे. तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. दारावर काय काढणार?"

"ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल असं. बायकांच्या बाजूला कोंबडी, पुरुषांच्या बाजूला कोंबडा."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. घाईत केलं असतं तर लोक म्हणाले असते, नक्कल आहे. मला नक्कल नको होती, मला तीच हवी होती. तोच निळा, त्याच दुकानाचा, त्याच प्रमाणात पांढरा मिसळून. तीच उंची, तीच नजर, उचललेला तोच पाय, चौकटीत पडायच्या बेतात. बाहेर वाट बघणाऱ्यांसाठी बाकं होती, ती निळी केली. हात धुवायच्या घमेल्याला निळा काठ दिला. काम संपल्यावर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि ट्रोट्रोतून दिसेल तसं बघितलं. अंगावर काटा आला. इतकी सुंदर झाली होती. खाली कोपऱ्यात नाव लिहिलं, ठळक.

बिरागोच्या बाजूनं काय होतं? चांगलं सूप. माझ्या बाजूनं रस्ता होता. केजेटियाहून येताना संडास आधी लागतो.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी एका नव्या मेटनं निळी भिंत बघितली आणि सवयीनं ओरडला, "अकोको! उतरा, उतरा!" सात-आठ जण उतरले. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली आणि चालत पुढे गेले. पण त्यात एक गृहस्थ होता, बाहेरगावचा, टाय लावलेला, कचेरीच्या कामानं आलेला, कुणीतरी त्याला सांगितलेलं की क्वाडासोत गेलास तर अकोकोत जेव. तो सरळ जाऊन निळ्या बाकावर बसला. निळ्या काठाच्या घमेल्यात साबण लावून हात धुतले. खिडकीतल्या तिकिटवालीला म्हणाला, "मॅडम, एक फुफू, हलकं सूप आणि दोन तुकडे मटण."

तिकिटवालीनं त्याच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिला.

"मीठ वेगळं मागावं लागेल," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट क्वाडासोत सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी केजेटियाच्या बाजारात भाजीवाल्या ती नक्कल करून दाखवत होत्या. आठवड्यानं मेट दोन्ही ठिकाणी गाडी थांबवायला लागले. "अकोको एक! अकोको दोन!" आणि गाडीभर खिदळणं. माणूस बिरागोकडे जेवायला बसला की समोरचा हटकून विचारायचा, इथे तिकीट कुठे काढायचं. एकदा हसलं की पुन्हा वाडग्याकडे बघवत नाही. सूप तेच होतं. पाम नटचं सूप मुळात तांबूस, दाट. त्याच्याकडे त्या निळ्या भिंतीखाली बसून बघितलं की काय आठवायचं, ते मी लिहीत नाही.

डेझ्मंडनं बांतामाहून फ्लेक्स आणून क्वाडासोच्या खानावळीवर लावला, "मूळ आणि खरी अकोको". पापा टावियांनी मला बोलावून संडासावर तेच लिहून घेतलं. मी तेही फुकट लिहिलं.

मग बिरागोनं तक्रार नेली. पोलिसांकडे नाही, नानांकडे. नाना म्हणजे आमच्या वस्तीचे प्रमुख. त्यांच्या अंगणात आंब्याखाली बैठक बसली. रिवाजाप्रमाणे तिनं दारूची बाटली पुढे ठेवली. तिच्या बाजूला डेझ्मंड आणि पास्टर. समोर मी आणि पापा टाविया.

"नाना, यानं माझी कोंबडी चोरली," बिरागो म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "दोन आठवड्यांत माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं. बांतामातही तेच. पोरींना मी कामावरून काढतेय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "बाडू, कोंबडी कुणाची?"

"तिलाच विचारा नाना. कुठून आली ते तिनं माईकवर सांगितलंय."

अंगणात कुणीतरी खोकलं. पापा टाविया काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "देवानंच दाखवली म्हणे. मग देवानं बाडूलाही दाखवली असेल. देव काय एकट्या बिरागोच्या घरी राहतो?"

नानांना हसू आवरलं नाही. मी उठून उभा राहिलो. मला जे हवं होतं ते मिळालं तर आत्ताच मिळणार होतं.

"नाना, भांडण आत्ता मिटवतो. सिस्टर बिरागोनं इथे, सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं, की ही कोंबडी बाडूनं काढली. स्वप्नात नाही, क्रेटवर बसून, माझ्यासाठी काढली. म्हणजे ती तिची झाली. मी संडासाची भिंत आज पुसतो, माझ्या पैशानं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पास्टरकडे बघत होती. पास्टर आपल्या बुटांकडे बघत होते. साक्ष दिलेली होती. तीनशे माणसांनी आमेन म्हटलेलं होतं, कुणीतरी फोनवर रेकॉर्डही केलेलं होतं. चर्चच्या मांडवात देवाच्या नावानं खोटं बोलले, असं ती नानांच्या अंगणात कसं सांगणार?

"मला देवानं दाखवली," ती शेवटी म्हणाली.

"मग भांडण देवाशी आहे," नाना म्हणाले आणि बाटली न उघडताच तिच्याकडे परत सरकवली, म्हणजे तक्रार घेतली नाही. बैठक उठली.

मला हरल्यासारखं वाटलं नाही. उलट घरी जाताना मी शीळ घालत होतो. बोलली नाही ना? मग भोग.

आणखी तीन आठवडे गेले. बांतामाची खानावळ बंद झाली. डेझ्मंड मशीन घेऊन अक्राला परतला, जाताना मावशीचा निरोपही न घेता. त्यानंतर एका मंगळवारी, भर दुपारी, बिरागोनं मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. भीती वाटायचं कारण नव्हतं आणि कुतूहल मात्र भरपूर होतं.

खानावळ रिकामी होती. साडेबारा वाजता! मागे दोघं जण उगाच फुफू कुटत होते, बहुतेक हात चालू राहावा म्हणून. बिरागोनं मला मधल्या बाकावर बसवलं, स्वतः घमेलं आणलं, माझ्या हातांवर पाणी घातलं. वाडग्यात फुफू, वरून तांबूस सूप, कोंबडीची तंगडी, एक उकडलेलं अंडं. मी सहा वर्षं जे जेवत होतो तेच.

"जेव," ती म्हणाली. "आणि सांग, सुपात काय बिघडलंय."

"काही बिघडलं नसणार."

"खाऊन सांग."

मी उजव्या हाताची बोटं फुफूत घातली, गोळा तोडला, सुपात बुडवला. वास अगदी तसाच, भुकेला वेड लावणारा. घास उचलताना नजर वर गेली. आतल्या भिंतीवर, तिच्या डोक्यामागे, निळ्यावर पांढरी कोंबडी होती. पाय उचललेला.

मला संडासाच्या दाराबाहेरचे ते आठ दिवस आठवले. नाकाला फडकं बांधून, माश्या हाकत, मी नेमका हाच पाय तिथे काढत होतो. मी घास तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला. चावता येईना, गिळता येईना. मी खूप प्रयत्न केला, कारण ती बघत होती. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी तोंड बाजूला करून घास हातात काढून घेतला.

बिरागो हसली नाही.

"मलाही जात नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. घरून मक्याचं केंके बांधून आणते आणि मागे भिंतीकडे पाठ करून खाते. माझंच सूप, माझ्याच हातचं."

ती उठली. रिकाम्या बाकांकडे तोंड करून, माईक असल्यासारखी ताठ उभी राहिली.

"ऐका हो! ही कोंबडी बाडूनं काढली! मला स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं!"

मागचं कुटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. दुसरं ऐकायला कुणीच नव्हतं. ज्या वाक्यासाठी मी एवढं सगळं केलं, ते मला मिळालं, आणि मला आनंदही झाला. खरंच झाला. पश्चात्तापाचं नाटक मला जमत नाही.

"आज संध्याकाळी संडास पुसतो," मी म्हटलं.

"ते पुसून काय होणार? लोकांच्या डोक्यात जी काढलीस ती पुसता येते का तुला?"

मी घमेल्यात हात धुतले.

"संडासावरची राहू दे," ती म्हणाली. "तिथे तिला गिऱ्हाईक आहे. इथली पूस, आतली आणि बाहेरची. सगळी भिंत पांढरी कर. मग शेजारणींसारखा वाफाळता वाडगा काढ आणि एक हसरी बाई. पैसे देईन."

मी तिच्याकडे बघितलं. ती टोमणा मारत नव्हती. दमली होती.

मी चुन्याची बादली आणि रुंद ब्रश घेऊन आलो. बाहेरच्या भिंतीसमोर उभा राहिलो. माझ्या हातून याच्याहून चांगलं काही झालं नव्हतं आणि आता होणारही नव्हतं. मी ब्रश बुडवला आणि आधी तिचा डोळा पुसला. तो बघत असताना बाकीचं काम माझ्याच्यानं झालं नसतं.